खंडेनवमीनंतरची लाल फुली

खंडेनवमीला आमच्या घरात कुठलंही बटण दाबायची सोय नसते. ह्यांची सगळी नोकरी एका कारखान्याच्या टूलरूममध्ये गेली. तिथे त्या दिवशी मशिनं पुसायची, तेल द्यायचं, हळदकुंकू लावून झेंडूची माळ घालायची आणि दसरा उजाडेपर्यंत त्यांना चालू करायचं नाही, अशी रीत. हे निवृत्त झाले, मशिनं तिकडेच राहिली, रीत मात्र ह्यांच्याबरोबर घरी आली. आता मिक्सर, शिलाई मशीन, ड्रिल, इस्त्री, स्कूटर अशा सगळ्यांना आमच्याकडे एक दिवसाची रजा मिळते. एकदा ह्यांनी फ्रिजकडेही त्याच नजरेने पाहिलं होतं. मी दुधाचं पातेलं ह्यांच्या हातात दिलं आणि म्हटलं, मग हे तुम्ही सांभाळा. तेव्हापासून फ्रिजला नुसतं कुंकवाचं बोट लागतं.

या खेपेला ह्यांचं लक्ष डब्याकडे गेलं.

डबा म्हणजे आमच्या लेकीने बसवून दिलेली एक काळी पेटी. आत हार्ड डिस्क असतात. ती कम्प्युटरला जोडायची नसते, वायफायच्या राउटरला वायरने जोडायची, म्हणजे घरातल्या कुठल्याही कम्प्युटरवरून तिच्यातलं सामान उघडता येतं. माझ्या कम्प्युटरवर ती झेड नावाचा ड्राइव्ह म्हणून दिसते. माझा आधीचा कम्प्युटर एकदा काही न सांगता मेला होता. त्यानंतर लेकीने बजावून ठेवलं, की आई, कम्प्युटरवर काहीही ठेवायचं नाही, सगळं डब्यात. बाहेरच्या कुणाला आत शिरता येऊ नये म्हणून तिने डब्याचे घराबाहेरचे सगळे रस्तेही बंद करून टाकले होते. मी फार आज्ञाधारक आहे अशातला भाग नाही, पण ज्यातलं मला कळत नाही त्यात मी वाद घालत नाही.

डब्यात माझा आवाज होता. मी शाळेत मराठी शिकवायचे. अमरावतीकडून लग्न होऊन पुण्यात आले तेव्हा तोंडून चुकून ‘करून राहिले’ निघालं, की स्टाफरूममधल्या भुवया वर जायच्या. मग मी ईर्ष्येने माझं बोलणं घासूनपुसून लख्ख केलं. निवृत्त झाल्यावर या लख्ख बोलण्याचं करायचं काय, असा प्रश्न पडला. बिबवेवाडीच्या मंडईत मेथीचा भाव विचारायला ते जरा जास्तच होतं. तेव्हा कुणीतरी सुचवलं, की ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करा. ते मी सुरू केलं आणि त्यात रमले.

येरवड्याला राहणारी एक जण माझी सगळ्यात जुनी ऐकणारी. वय चाळिशीच्या पुढे, दृष्टी लहानपणीच गेलेली, बँकेत टेलिफोनवर बसते. मला बाई म्हणते, ह्यांना काका. अधिकाऱ्याच्या जागेसाठी बँकेची एक परीक्षा असते, तिला ती बसत होती. आधी दोनदा थोडक्यात हुकली होती आणि वयाच्या अटीमुळे ही शेवटची संधी होती. यंदा नाही, तर निवृत्त होईपर्यंत टेलिफोनच. परीक्षेचं मुख्य पुस्तक म्हणजे नियम आणि कलमांचा एक जाडजूड मराठी ठोकळा. छपाई इतकी पुसट, की तिच्या फोनमधला वाचून दाखवणारा आवाज प्रत्येक ओळीत अडखळायचा. म्हणून तो ठोकळा मी वाचला. उन्हाळ्यात सुरू केला आणि गणपतीच्या आसपास संपवला. प्रकरण झालं, की तिला फोनवर पाठवायचे, जागा भरू नये म्हणून माझ्या फोनमधलं पुसून टाकायचे, आणि ती ते बसमधून जाता-येता ऐकायची.

रेकॉर्डिंगचा दर्जा कसा, तर घरगुती. आमच्या गल्लीत खाली पिठाची गिरणी, समोर फॅब्रिकेशनवाला, आणि घरात हे. ह्यांची शिंक साधी नसते. आधी एक लांब श्वास, मग शांतता, आणि मग असा दणका की वाटीतला चमचा वाजावा. शिवाय मी अगदी रंगात येऊन हमीदाराच्या जबाबदाऱ्या वाचत असताना हे दारातून विचारणार, “अगं, माझा चष्मा कुठंय?” आवाज कापून कसे काढतात ते मला येत नाही आणि पान पुन्हा वाचायचं म्हणजे घसा बसतो. म्हणून मी “माफ करा, घरातला आवाज आला” असं म्हणून पुढे जायचे. ह्यांना मात्र झापायचे. शेवटी मी नियमच केला, की माझं वाचन सुरू झालं की ह्यांनी जिन्यात जाऊन बसायचं. हे वर्तमानपत्र घेऊन निमूट जायचे. वरच्या मजल्यावरच्या बाई मला विचारायच्या, भांडण झालंय का.

तर खंडेनवमीला ह्यांनी डबा बंद केला, सगळ्या वायरी काढल्या, ओलसर फडक्याने त्याची धूळ पुसली आणि त्याला हळदकुंकू लावलं. शेजारचे दोन्ही राउटरही त्यांनी त्याच पंगतीत बसवले. आमच्याकडे राउटर दोन आहेत. एक आमचा. दुसरा लेकीने लॉकडाऊनमध्ये ऑफिसच्या कामासाठी वेगळी लाइन घेतली होती तिचा. ती पुढे मांजरीला, ह्यांच्या मूळ गावी, नव्या फ्लॅटमध्ये राहायला गेली, पण अधूनमधून इथे येऊन काम करते, म्हणून तो राहिला. दोन्ही पांढरे, दोघांना सारखेच कान. ओळख पटावी म्हणून लेकीने आपल्या राउटरवर कागद चिकटवला होता: ‘ऑफिसचा. कृपया हात लावू नये. विचारूही नये.’ तो कागद मळला होता. ह्यांनी थिनर लावून तो डाग न पडू देता काढला आणि मला कौतुकाने दाखवलासुद्धा.

दसऱ्याला ह्यांनी सगळं पुन्हा लावलं, आणि नुसतं लावलं नाही. ह्यांनी गुपचूप एक लाकडी मांडणी करून ठेवली होती. तळाला डबा, वर एकावर एक राउटर, मागे फळी. इतकी वर्षं टीव्हीमागे लोंबणारा वायरींचा गुंता ह्यांनी फळीमागे नेऊन, पट्ट्यांनी घट्ट आवळून एकच जाड जुडगा केला. समोरून एकही वायर दिसत नव्हती. सगळे हिरवे दिवे ओळीने लुकलुकत होते आणि वर झेंडूची माळ. मी मनापासून म्हटलं, की अहो, हे फारच सुरेख झालंय. ह्यांनी मान हलवली आणि हात धुवायला गेले.

दसऱ्यानंतर दोन दिवसांनी येरवड्याहून तिचा फोन आला. आवाज नेहमीसारखा शांत, पण शब्द मोजून येत होते. बसमध्ये तिची पर्स कापली गेली होती आणि फोन गेला होता. नवा घेतला, नंबर तोच मिळाला, पण आतलं काहीच राहिलं नव्हतं. परीक्षा पुढच्या रविवारी होती. उजळणी करायची होती. सगळी प्रकरणं पुन्हा पाठवता येतील का, एवढंच तिने विचारलं. मी म्हटलं, त्यात काय, सगळं डब्यात आहे, संध्याकाळपर्यंत देते.

फोन ठेवला, कम्प्युटर लावला, आणि झेडच्या चित्रावर लाल फुली होती. मी दाबून पाहिलं. कम्प्युटरने थोडा वेळ विचार केला आणि जोडता येत नाही असं सांगितलं. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. पाठीमागे वळून पाहिलं तर डबा तिथेच होता, हिरवा दिवा लुकलुकत होता, कपाळाला कुंकू होतं.

लेक त्या आठवड्यात कंपनीच्या कामासाठी बंगलोरला होती. तिला फोन लावला. तिने दिवे विचारले, मी सगळे हिरवे असल्याचं सांगितलं. मग तिने सगळं बंद करून ठरावीक क्रमाने चालू करायला लावलं: आधी राउटर, मग डबा, मग कम्प्युटर. तसं केलं. फुली होती तिथेच होती. मग तिने डब्याचा आकड्यांचा पत्ता सांगितला, तो मी जपून टाइप केला, आणि त्या पत्त्यावर कुणी राहत नाही असं उत्तर आलं. शेवटी तिने आमच्या राउटरच्या आत शिरून, घरात काय काय जोडलेलं आहे त्याची नावं वाचायला सांगितली. माझा फोन होता, ह्यांचा होता, टीव्ही होता, कम्प्युटर होता.

“डबा नाहीये, आई.”

“अगं, माझ्या डोळ्यांसमोर आहे.”

“तुझ्या डोळ्यांसमोर असेल. नेटवर्कमध्ये नाहीये. वायर नीट आहे ना बघ.”

हे मागेच उभे होते. वायर नीट आहे, आपण स्वतः लावलीय, खटकन आवाज आल्याशिवाय सोडली नाही, असं ह्यांनी सांगितलं. ते खरंही होतं. मग लेक म्हणाली, की डब्याचा नेटवर्कचा भागच उडाला असेल. तिने सहज विचारलं, आत पाणीबिणी गेलं होतं का.

मी ह्यांच्याकडे पाहिलं नाही. ह्यांनी पाणी नव्हे, पण ओलसर फडकं वापरलं होतं, आणि कुंकू जाळीवरून आत सांडलं असेल तर ते कुणी पाहिलं होतं? फोन ठेवल्यावर माझ्या तोंडून निघालंच, “यंत्राची पूजा करून राहिले, अन् यंत्रच मारून टाकलं.” घासलेलं बोलणं रागाच्या वेळी कधीच उपयोगी पडत नाही. ह्यांनी उलट उत्तर दिलं असतं तर बरं झालं असतं. थोड्या वेळाने पाहिलं तर ह्यांनी सायकलचा पंप काढला होता आणि डब्याच्या जाळीवर हळूहळू हवा मारत होते. मला फार वाईट वाटलं, पण ते त्या क्षणी सांगायची मला इच्छा नव्हती.

आता एकच मार्ग होता, पुन्हा वाचायचं. सगळं होणं शक्य नव्हतं, म्हणून महत्त्वाची प्रकरणं निवडली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी माइक मांडायला घेतला, तर हे सांगायच्या आधीच जिन्यात गेले होते, आणि या वेळी वर्तमानपत्रही नेलं नव्हतं. गिरणी बंद होती. घरात टाचणी पडली तर ऐकू यावी अशी शांतता. तारणाचं प्रकरण मी एकही चूक न करता वाचलं. इतकं स्वच्छ रेकॉर्डिंग माझ्याकडून कधी झालं नव्हतं. पाठवलं आणि वाट पाहिली.

तिने ऐकून फोन केला. फार छान झालंय म्हणाली. मग अगदी संकोचाने तिने विचारलं, “बाई, पण ते आधीचं मिळायची काही शक्यता आहे का? तेच हवं होतं.”

मी विचारलं, यात काही कमी आहे का. नाही नाही म्हणाली, तुम्ही इतका त्रास घेताय, यावरही भागवेन. मी बरं म्हटलं. खोटं कशाला बोलू, मला लागलं ते. घसा खरवडून मी नवं करून देते आहे आणि हिला जुनंच हवं. पण तिच्या आवाजात एक बारीक कापरं होतं. ते मी या आधी कधी ऐकलं नव्हतं, आणि रागाला जागा उरली नाही. ही घाबरली आहे, एवढं मला कळलं.

ह्यांनी एका दुरुस्तीच्या दुकानात फोन केला. दुकानदार म्हणाला, आणून टाका, आठ-दहा दिवसांनी सांगतो. डेटा राहील का, असं विचारल्यावर तो म्हणाला, “काका, मी काय ज्योतिषी आहे का?” आणि त्याने फोन ठेवला. उत्तर पुणेरी होतं, त्यामुळे खरं असण्याची शक्यता जास्त होती. तरी दुसरं काही सुचत नव्हतं. डबा दुकानात न्यायचा असं ठरलं.

हे मांडणीसमोर पाट घेऊन बसले. टूलरूमची एक सवय ह्यांच्या हाडात आहे. कुठलीही वस्तू उघडताना एका वेळी एकच भाग काढायचा, तो बाजूला ठेवायचा, आणि मगच दुसऱ्याला हात लावायचा. मी किती घाई केली तरी त्यात बदल होत नाही. डबा तळाला होता, म्हणजे आधी वरचे राउटर उतरवणं आलं. मी समोर खुर्चीत बसून डब्याकडे बघत होते. काय काय होतं त्यात, ते आठवत होतं. एवढी पुस्तकं, एवढे दिवस, आणि येरवड्याला एक जण माझ्या शब्दावर विसंबून बसलेली.

ह्यांनी सगळ्यात वरच्या राउटरचं बटण बंद केलं. आणि तळाशी, डब्यावरचा नेटवर्कचा हिरवा दिवा गेला.

मी म्हटलं, “काय काढलंत?”

“कुठं काय. ह्यो वरचा राउटर बंद केलाय फक्त.” हे घाबरले, की ह्यांच्या तोंडात गावाकडची, मांजरीची बोली येते. “डब्याला हात बी लावला नाय.”

“परत चालू करा.”

ह्यांनी चालू केला. राउटरचे दिवे एकेक करत लागले आणि खाली डब्याचा दिवाही लागला. मी पुन्हा बंद करायला सांगितलं. पुन्हा गेला. खालचा राउटर बंद केला, तर माझ्या कम्प्युटरचं वायफाय गेलं, म्हणजे आमचा तो होता, पण डब्यावर काहीही परिणाम नाही. हे पाट सरकवून मांडणीच्या मागे गेले. आपल्या हाताने इतक्या मायेने आवळलेल्या पट्ट्या त्यांनी एकेक कापल्या. जुडगा सुटला. डब्याची वायर बोटात धरून हे हळूहळू मागे मागे गेले आणि वरच्या, म्हणजे लेकीच्या राउटरपाशी पोचले.

एवढंच झालं होतं. दोन पांढरे राउटर, एकावरचा कागद थिनरने गेलेला, आणि डब्याची वायर चुकीच्या घरी खटकन आवाज करून नीट बसलेली. डबा ठणठणीत होता. तो बिचारा लेकीच्या ऑफिसच्या लाइनवर उभा होता आणि मी त्याला आमच्या लाइनवर शोधत होते. एकाच मांडणीत, एकमेकांना खेटून. लेकीने वायर बघायला सांगितली होती आणि आम्ही ती नीट असल्याचं सांगितलं होतं. ती नीटच होती, हे वाईट.

ह्यांनी वायर काढून आमच्या राउटरला लावली. मी कम्प्युटरपाशी गेले. लाल फुली होती, तिच्यावर दाबलं आणि ती गेली. झेड उघडला. फोल्डर दिसले, पिवळे पिवळे, माझ्याच हाताने नावं दिलेले. मी पहिली समोर आली ती फाईल लावली. “प्रकरण सातवे, तारण आणि त्याचे प्रकार,” माझा आवाज म्हणाला. थोडं पुढे गेल्यावर एक लांब श्वास ऐकू आला, मग शांतता, आणि मग तो दणका. “माफ करा, घरातला आवाज आला.” हे दारात उभे होते. मला हसू आलं आणि डोळ्यांतून पाणीही आलं, दोन्ही एकदम. हे खुर्चीच्या पाठीला धरून म्हणाले, “मला वाटलं, मी मारला त्याला.” मी म्हटलं, मलाही तसंच वाटलं होतं, आणि मी बोलायला नको होतं. मग आम्ही चहा केला. किती दिवसांनी चहाला चव आली होती.

एवढ्या फाईली फोनवर एकेक पाठवण्यापेक्षा मेमरी कार्डात भरून हातात द्याव्या, असं ह्यांचं म्हणणं पडलं. खरं म्हणजे ह्यांना स्वतः पोचवायच्या होत्या. तिला फोन केला तेव्हा ती फक्त “मिळाल्या?” एवढंच म्हणाली. आम्ही स्कूटरवरून येरवड्याला गेलो. ती भावाच्या घरी, पुढच्या खोलीत राहते. तिने आम्हाला बसायला सांगितलं, कार्ड बोटांनी चाचपून फोनमध्ये घातलं, आणि पाणी द्यायच्याही आधी फाईल लावली. सातवं प्रकरण. थोडं पळवलं, थांबवलं, पुन्हा थोडं पळवलं.

“आता काका शिंकतील,” ती म्हणाली.

फोनमधून ह्यांनी शिंक दिली. ती हसली, मोकळं, आणि खुर्चीत मागे टेकली. मग मला समजावून सांगू लागली, जशी मी कधीकाळी वर्गात सांगायचे तशी.

“बाई, तुम्हाला पान दिसतं. डावीकडे होतं, खाली होतं, चौकटीत होतं, असं तुम्हाला आठवतं. मला कुठलं पान? मला काका आहेत. शिंक झाली की चल मालमत्तेचं तारण. चष्मा कुठंय विचारलं की हमीदाराची जबाबदारी. गिरणी बंद झाली की तिथून वसुलीची कलमं सुरू. तुम्ही परवा पाठवलंत ते फार स्वच्छ होतं. मला त्यात काही सापडेना. सगळं एकसारखं. मी रडले त्या रात्री, तुम्हाला सांगितलं नाही.”

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे खाली मान घालून हेल्मेटचा पट्टा नीट करत होते, जो आधीच नीट होता. इतक्या वर्षांत मी ह्यांच्या ज्या ज्या गोष्टींसाठी माफी मागून ठेवली होती, त्या सगळ्या हिने जपून, क्रमाने लावून ठेवल्या होत्या. हे म्हणाले, परीक्षेला जाताना टेन्शन घेऊ नकोस, आणि मग जरा विचार करून, मला सर्दी झाली असती तर आणखी दोन प्रकरणांत शिंकून दिलं असतं.

परतताना नगर रस्त्याला गर्दी होती. माझ्या छातीवरचं ओझं उतरलेलं होतं, आणि मागच्या सीटवर बसल्या बसल्या मला कळत होतं, की ह्यांचेही खांदे सैल झाले आहेत. घरी आल्यावर ह्यांनी लेकीच्या राउटरवर नवा कागद चिकटवला. अक्षर ह्यांचं, भाषाही ह्यांची: ‘हा पोरीचा. डब्याची वायर इथं लावायची नाय.’ मी शुद्धलेखन सुधारलं नाही.

परीक्षेच्या आदल्या दिवशी तिचा फोन आला, की एक छोटं परिशिष्ट राहिलंय, जमलं तर पाठवा. मी माइक मांडला, पाण्याचा पेला घेतला, पुस्तक उघडलं. हे नेहमीप्रमाणे वर्तमानपत्र उचलून दाराकडे निघाले. चपला पायात सरकवल्या.

“अहो,” मी म्हटलं, “कुठे निघालात?”

“जिन्यात. तुझं सुरू होतंय ना.”

“चपला काढा. इथे खुर्चीत बसा.”

हे बसले. वर्तमानपत्र आवाज होऊ नये म्हणून मांडीवर मिटूनच ठेवलं. मी बटण दाबलं, लाल दिवा लागला, आणि मी वाचायला सुरुवात केली. तिसऱ्या ओळीला ह्यांनी हळूच विचारलं, की खोकला आला तर चालेल का. मी हातानेच हो म्हटलं आणि पुढे वाचत राहिले. ते वाक्य रेकॉर्डिंगमध्ये आहे. मी माफी मागितली नाही.